मृदाशास्त्र म्हणजे नक्की काय? शिरोळच्या एका विद्यार्थ्याला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीएस्सी ॲग्रीचं शेवटचं वर्ष चालू आहे, घरची शेती कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात आहे आणि त्यातलं खालचं रान अलीकडे खारवट व्हायला लागलंय. एमएस्सीला मृदाशास्त्र घ्यायचं मनात आहे. पण घरात वडील आणि चुलते म्हणतात, "माती तपासायची आणि किती पोती खत टाकायचं ते सांगायचं, एवढ्यासाठी दोन वर्षं कशाला?" तर खताच्या शिफारशीपलीकडे या शास्त्रात काय आहे, आणि ते घ्यावं का?

मी याच विषयात काम करत आलो, आधी सर्वेक्षणात, मग प्रयोगशाळेत. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल.

आधी सरळ सांगतो. खडकापासून माती कशी तयार होते, वरून खाली जाताना ती कशी बदलते, तिच्यात पाणी, हवा, क्षार आणि जीवजंतू कसे वावरतात आणि माणसाने ती वापरली की तिचं काय होतं, याचा अभ्यास म्हणजे मृदाशास्त्र. खताची शिफारस हा त्यातला एक कोपरा. महत्त्वाचा आहे, पण कोपराच.

तरीही वडिलांचं म्हणणं झटकून टाकू नका. ते जे बोलतात ते एकेकाळी युरोपातल्या नामांकित रसायनशास्त्रज्ञांचं मत होतं. १८४० साली जर्मनीच्या युस्टुस फॉन लीबिग यांनी ठामपणे मांडलं की झाड मातीतून खनिज द्रव्यं उचलतं, म्हणून जेवढं पिकाने नेलं तेवढं परत भरलं पाहिजे. आजचा सगळा खतांचा व्यवहार या विचारावर उभा आहे आणि तो विचार खरा आहे. फक्त त्यात माती म्हणजे एक कोठार ठरते, काढायचं आणि भरायचं. कोठाराच्या भिंती कशाच्या, त्याला ओल कुठून येते, ते मुळात बांधलं कुणी, हे प्रश्न त्यात येत नाहीत.

ते प्रश्न विचारले रशियाच्या वसिली दोकुचाएव यांनी. हा माणूस मूळचा भूवैज्ञानिक. १८७० च्या दशकात तिकडे दुष्काळ पडले तेव्हा काळ्या मातीच्या विशाल पट्ट्याचा अभ्यास त्यांच्याकडे आला. ते मैलोन्‌मैल फिरले, जागोजागी खड्डे घेतले, थर पाहिले, आणि १८८३ मध्ये त्यांनी आपलं काम प्रसिद्ध केलं. माती म्हणजे नुसता खडकाचा भुगा नव्हे. मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ या पाचांनी मिळून घडवलेली ती निसर्गातली एक स्वतंत्र गोष्ट आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. मृदाशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून उभं राहिलं ते इथून.

हे पाच घटक परीक्षेसाठी सगळेच पाठ करतात. कोल्हापूरच्या पोराला मात्र ते एसटीच्या खिडकीतून दिसतात. गगनबावड्याहून कोल्हापूर आणि तिथून शिरोळ, म्हणजे शंभरेक किलोमीटरचा प्रवास. दोन्ही टोकांना खाली खडक एकच: साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला काळा बेसॉल्ट. तरीही एका टोकाला माती तांबडी आणि दुसऱ्या टोकाला काळीभोर. खडक तोच असताना हे कसं झालं? या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर अभ्यासक्रमाचा मोठा भाग हातात आला म्हणून समजा.

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढं पाणी हजारो वर्षं मातीतून झिरपत राहिलं की त्यात विरघळणारं सगळं वाहून जातं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी जातात, त्यांच्यामागून हळूहळू सिलिकाही जाते. मागे राहतात ती लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, कारण ती पाण्याला दाद देत नाहीत. लोहामुळे रंग तांबडा. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर, राधानगरी-आजरा-चंदगडकडे जो जांभा दिसतो तो याच क्रियेचा शेवटचा टप्पा. जिथे ॲल्युमिनियम फार साठलं तिथे बॉक्साइट झालं. या मातीतली चिकणमाती केओलिनाइट जातीची असते. ती फुगत नाही, तिला भेगा पडत नाहीत, आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायची तिची ताकद बेताची असते. सामू, म्हणजे मातीचा पीएच, आम्लधर्मी.

आता शिरोळला या. पाऊस पाचशे-सहाशे मिलीमीटर. वाहून न्यायला पाणीच कमी. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका जागेवर राहतात, शिवाय वरच्या भागातून वाहून आलेलं त्यात भर घालतं. अशा वातावरणात तयार होते ती स्मेक्टाइट जातीची चिकणमाती. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पाडते. सामू ८ च्या वर, आणि खाली चुनखडीचे खडे. अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची हिची क्षमता केओलिनाइटच्या कित्येक पट जास्त. म्हणून एकच खत दोन्हीकडे सारख्या मात्रेने टाकणं चुकीचं ठरतं. तांबड्या मातीत ते थोडं थोडं, विभागून द्यावं लागतं.

हा फरक पाहायला शंभर किलोमीटर जायचीही गरज नाही. करवीर-कागलच्या कुठल्याही गावात माळावर हातभर मातीखाली मुरूम लागतो, उतारावर मध्यम तपकिरी रान असतं आणि ओढ्याकाठी काळं, खोल. पाऊस तोच, खडक तोच, बदलला तो फक्त उतार. वरची माती धुपून खाली साठते, पाणीही खालीच उतरतं, आणि शंभर-दोनशे मीटरमध्ये तीन वेगळ्या जमिनी तयार होतात. आपल्या आज्यापणज्यांनी रानांना माळ, तांबूळ, काळं, मळीचं अशी नावं दिली तेव्हा त्यांनी हेच वर्गीकरण केलं होतं. आज आपण त्याला आंतरराष्ट्रीय पद्धतीची नावं देतो, काळ्या खोल जमिनीला व्हर्टिसोल म्हणतो, पण निरीक्षण तेच आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो कृषी पदवीधरांतही दिसतो. काळी माती काळी असते म्हणून तिच्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर, असं लोक धरून चालतात. तसं नाही. स्मेक्टाइटच्या कणांना चिकटलेलं थोडं ह्यूमसही, म्हणजे पूर्ण कुजलेलं सेंद्रिय द्रव्य, मातीला गडद रंग देतं. उसाच्या काळ्या रानात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी निघणं नवीन नाही, आणि घाटमाथ्यावरच्या जंगलातल्या तांबड्या मातीत तो त्याच्या दुप्पट-तिप्पट सापडतो. रंगाची नोंद आम्ही मुनसेल नावाच्या रंगपट्टीवर करतो. शिरोळच्या ओल्या मातीला साधारण "१० वायआर ३/१" असं काही येतं, घाटाकडच्या मातीला "२.५ वायआर ३/६" च्या आसपास. रंग मोजायचा, पण त्यावरून कस ठरवायचा नाही.

आता खड्ड्याकडे येतो, कारण माझ्या मते हा विषय खड्ड्यात शिकला जातो. प्रयोगशाळेत येते ती वरच्या वीस-बावीस सेंटिमीटरची अर्धा किलो माती, चाळलेली, वाळवलेली, पिशवीत भरलेली. तिच्यावरून अन्नद्रव्यं कळतात. पण उसाची मुळं त्याच्या किती तरी खाली जातात आणि तुमच्या खालच्या रानाचा खरा आजारही तिथेच आहे. म्हणून दीड-दोन मीटर खोल खड्डा घ्यायचा, ऊन पडेल अशी एक बाजू चाकूने साफ करायची आणि वरून खाली वाचत जायचं.

तुमच्या भागातल्या काळ्या रानात काय दिसतं ते सांगतो. वरचा वीत-सव्वा वीत थर नांगराखालचा, ढेकळांचा, मुळांनी भरलेला. त्याच्या लगेच खाली बऱ्याचदा एक कठीण पट्टा लागतो. चाकू टोचला तर अडतो, मुळं तिथे आडवी वळलेली दिसतात. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर फिरला आणि ओल्या रानातून उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या गेल्या की हा तयार होतो. त्याखाली, अर्धा-पाऊण मीटरच्या पुढे, ढेकूळ फोडलं तर तिरकस, गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठभाग दिसतात. फुगताना मातीचे मोठे लोट एकमेकांवर घासतात त्याच्या या खुणा. मग पांढरे खडे येतात. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं, म्हणजे चुनखडी.

त्याही खाली सगळ्यात महत्त्वाची खूण असते. करड्या, निळसर झाकेच्या मातीत गंजासारखे तांबूस-पिवळे ठिपके. मातीत पाणी साचून हवा संपली की जंतू श्वसनासाठी लोह वापरतात, लोह विरघळतं आणि माती करडी पडते. पाणी उतरलं, हवा आली, की तेच लोह मुळांच्या आणि भेगांच्या कडेला परत गंजतं. त्यामुळे मे महिन्यात खड्डा ठणठणीत कोरडा असला तरी हे ठिपके ज्या खोलीवर सुरू होतात तिथपर्यंत पावसाळ्यात पाणी चढतं, हे ओळखता येतं. ठिपके सव्वा मीटरवर असतील तर अजून वेळ आहे. अर्ध्या मीटरवर असतील तर त्या रानात खत वाढवून उपयोग नाही, आधी निचऱ्याचं पाहावं लागेल. माती परीक्षणाच्या कागदावर ही एक ओळ कधीच येत नाही. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ बाबी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. पत्रिका उपयोगाचीच आहे, प्रत्येकाने काढावी. पण त्या १२ बाबींत खोली नाही आणि निचराही नाही, आणि शिरोळ तालुक्यात प्रश्न या दोन गोष्टींचा आहे.

आता खारवट रानाबद्दल जरा थांबून बोलतो, कारण तुमच्या घरातला प्रश्न हाच आहे.

क्षार येतात कुठून? सगळ्यांचं बोट रासायनिक खताकडे जातं. खताचा वाटा असतो, पण मोठा वाटा पाण्याचा. हिशेब करून बघा. समजा नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्याची क्षारता ०.५ डेसिसायमन प्रति मीटर आहे, म्हणजे चांगलंच पाणी. त्यात लिटरला साधारण ३२० मिलिग्रॅम क्षार असतात. उसाला पाटाने वर्षभरात २००० मिलीमीटर पाणी दिलं, तर हेक्टरी दोन कोटी लिटर झालं. म्हणजे ६४०० किलो क्षार. एकरी अडीच टनांहून जास्त, दर वर्षी, चांगल्या पाण्यातून! पीक पाणी पिऊन घेतं आणि क्षार मागे ठेवतं. घाटाकडे पाऊस ते धुऊन नेतो. तुमच्याकडे पाऊस कमी, माती चिकण, उतार जवळजवळ नाही आणि कृष्णा-पंचगंगेमुळे खालची पाणीपातळी आधीच वर. जास्तीचं पाणी खाली जायला जागा नाही म्हणून ते मातीच्या बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढतं, वाफ होऊन उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर पांढरे फुटतात.

इथे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. पहिला खारवटपणा: विरघळणारे क्षार जास्त. माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काची, म्हणजे संपृक्त अर्काची, क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात, पण उसाचं उत्पादन १.७ च्या पुढेच उतरायला लागतं. आणि एक बारकावा लक्षात ठेवा. बहुतेक प्रयोगशाळा माती आणि पाणी १:२.५ प्रमाणात मिसळून क्षारता मोजतात. तो आकडा पाण्याने पातळ झालेला असतो, संपृक्त अर्कापेक्षा कित्येक पट कमी. त्यामुळे अहवालावर १ दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

दुसरा आजार चोपणपणाचा. यात मातीच्या कणांना चिकटलेल्या कॅल्शियमची जागा सोडियमने घेतलेली असते. पुस्तकात विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं की चोपण असं दिलंय, पण काळ्या चिकण मातीत त्याच्या बऱ्याच आधी त्रास सुरू होतो. सोडियममुळे कण एकमेकांना सोडतात, बारीक बारीक होऊन छिद्रं बुजवतात आणि पाणी वरच उभं राहतं. हे घरी पाहता येतं. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या आणि वाळलेल्या मातीचा हरभऱ्याएवढा खडा अलगद सोडा. हलवू नका. चांगल्या मातीचा खडा फुटेल, पण पाणी बऱ्यापैकी नितळ राहील. चोपण मातीच्या खड्याभोवती काही तासांत दुधाळ ढग पसरेल आणि दुसऱ्या दिवशीही खाली बसणार नाही. नळाचं किंवा बोअरचं पाणी मात्र घेऊ नका, त्यातल्या क्षारांमुळे ढग दिसत नाही.

यावर गावात सगळे एकच औषध सांगतात, जिप्सम. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतं हे बरोबर. पण हटवलेलं सोडियम सल्फेट बनून पाण्यात उतरतं, आणि ते पाणी शेताबाहेर गेलंच नाही तर सोडियम तिथेच राहणार. नुसती खारवट जमीन असेल तर जिप्समची गरजच नसते. तिथे निचरा आणि पाण्याने धुणं हाच उपाय. मी पाहिलेल्या रानांत जिप्सम वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच: निचरा न करता टाकलेलं जिप्सम.

निचरा म्हणजे काय? साधे चर काढता येतात, पण त्यात जमीन जाते आणि ते बुजतात. म्हणून सच्छिद्र पीव्हीसी पाईप, भोवती गाळण कापड, मीटर-सव्वा मीटर खोलीवर ठरावीक अंतराने टाकतात. त्यांचं पाणी मोठ्या पाईपला जोडतात आणि ते नाल्यात सोडतात. दोन पाईपांमधलं अंतर किती ठेवायचं हे माती पाणी किती वेगाने सोडते त्यावर ठरतं, आणि ते शेतात मोजावं लागतं. शेजाऱ्याच्या पाईपचं अंतर बघून आपलं ठरवलं तर पैसे पाण्यात. शिवाय पाणी बाहेर काढायचं तर वाट दुसऱ्याच्या रानातून जाते, म्हणून हे काम एकट्याने होत नाही. शिरोळला दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशी कामं केली आहेत. ती जाऊन बघा, तुमच्या घरापासून लांब नाहीत. मृदा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गावातली माणसं या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हाताळाव्या लागतात म्हणजे काय, ते तिथे कळेल.

क्षाराचा परिणाम रानापुरताच राहत नाही. खारवट रानातल्या उसाचा गूळ चवीला खारट लागतो, रंग काळपट येतो आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. आपल्याकडचा जुना गुळव्या रस उकळताना ऊस कुठल्या रानातला आहे ते ओळखतो. कोल्हापुरी गुळाचं नाव टिकवायचं असेल तर ते काम चुलवणापाशी सुरू होत नाही, निचऱ्यापाशी सुरू होतं.

आता प्रयोगशाळेबद्दल. तिथे नुसतं बटण दाबून आकडा मिळतो असं वाटत असेल तर एक उदाहरण देतो. सेंद्रिय कर्ब आपण वॉकली आणि ब्लॅक यांच्या पद्धतीने काढतो. ती १९३४ पासून वापरात आहे. मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं, कर्बाचं ऑक्सिडीकरण होतं आणि जे डायक्रोमेट उरलं ते मोजायचं. आता खारवट मातीत क्लोराइड भरपूर असतं, आणि तेही डायक्रोमेट खातं. परिणाम असा की खारवट रानाचा सेंद्रिय कर्ब कागदावर जास्त दिसतो, आणि शेतकऱ्याला सांगितलं जातं की तुमची जमीन उत्तम आहे! त्यासाठी आम्लात सिल्व्हर सल्फेट घालावं लागतं. हे ज्याला माहीत नाही तो रोज चुकीचे अहवाल देत राहील आणि त्याला कळणारही नाही.

स्फुरदाचंही तसंच. काळ्या, चुनखडीच्या मातीसाठी ओल्सेनची पद्धत, सोडियम बायकार्बोनेटची. चंदगड-आजऱ्याच्या आम्ल मातीसाठी ब्रेची पद्धत, त्यात पातळ आम्ल असतं. ब्रेचा द्राव चुनखडीच्या मातीत घातला तर चुना ते आम्लच संपवून टाकतो आणि आकडा निरर्थक येतो. एका जिल्ह्यात दोन पद्धती लागतात, त्या आपल्याच जिल्ह्यात.

आणि खोडव्यावर, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेल्या पिकावर, पडणारा केवडा घ्या. पानं शिरांमधून पिवळी-पांढरी पडतात, लोहाची कमतरता. बेसॉल्टपासून झालेल्या मातीत लोह प्रचंड असतं, तरी पीक उपाशी! कारण चुनखडीमुळे सामू चढलेला, आणि त्या सामूला लोह विरघळतच नाही. जमिनीत आहे आणि पिकाला मिळतं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. तिथे जमिनीत नुसतं फेरस सल्फेट टाकलं तर तेही लवकरच अडकून पडतं, म्हणून फवारणीतून किंवा शेणखतात मुरवून देतात.

मातीतल्या जीवांची शाखा वेगळी आणि खूप मोठी आहे. मी त्यातला जाणकार नाही, म्हणून थोडक्यात. सेल्मन वॅक्समन हे मातीतल्या सूक्ष्मजीवांचे अभ्यासक. त्यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक, आणि १९५२ मध्ये वॅक्समन यांना नोबेल मिळालं. रानातल्या रोजच्या कामाचं सांगायचं तर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. पाचटात कर्ब फार, नत्र थोडं. जंतूंना ते कुजवायला नत्र लागतं आणि ते मातीतलं उचलतात, म्हणून पाचट ठेवल्यावर सुरुवातीला खोडवा पिवळा दिसतो. तेव्हा थोडा युरिया जास्त द्यायचा आणि धीर धरायचा. ते बघून लोक पुढच्या वर्षी पाचट पेटवतात, याचं मला फार वाईट वाटतं. सेंद्रिय कर्ब वाढवायला एवढी मोठी गोष्ट रानातच तयार होते आणि आपण ती काडी लावून संपवतो.

भौतिकशास्त्राबद्दल एवढंच की वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य ओल, ओळखता येणं हे त्याचं निम्मं ज्ञान आहे, आणि ते तुमच्या वडिलांना येतं. तुम्ही फक्त त्याच्या मागचा आकडा शिकाल: कोणत्या ओलाव्याला कणांचे लहान गोळे सुटे राहतात, कोणत्या ओलाव्याला नांगर त्यांचा चिखल करतो. काळ्या मातीत पाणी पुष्कळ मावतं, पण त्यातलं बरंच मुळांना ओढता येत नाही इतक्या घट्ट धरलेलं असतं. म्हणून भेगाळलेल्या रानातली माती मुठीत ओलसर लागते आणि तरी पीक मान टाकतं.

लोक भूगर्भशास्त्र आणि स्थापत्य अभियंत्यांची मृदा यामिकी यांनाही हाच विषय समजतात. भूगर्भशास्त्र खडकाचं, यामिकी इमारतीच्या पायाचं. शेजारी आहेत, एकमेकांना उपयोगी पडतात, पण मातीत काहीतरी जगतं या मुद्द्यापासून सुरुवात करतो तो आपला विषय.

नोकरीचं विचारलं नाहीत, पण घरचे विचारतील. कृषी विभागाच्या मृद सर्वेक्षण आणि मृद चाचणी यंत्रणा, साखर कारखान्यांचे ऊस विकास विभाग, खत आणि ठिबक कंपन्या, खासगी प्रयोगशाळा, आणि संशोधनात जायचं असेल तर भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्था. नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो १९७६ पासूनचा, कर्नालची क्षारपड जमिनींवरची संस्था १९६९ची, भोपाळची भारतीय मृदा विज्ञान संस्था १९८८ची. एमएस्सी राहुरीच्या विद्यापीठात करायची तर विभागाचं नाव मृदाशास्त्र आणि कृषी रसायनशास्त्र असं जोडीने येतं. रसायन टाळायचं असेल तर हा विषय घेऊ नका. उन्हात खड्ड्यात उतरायला नको वाटत असेल तरीही घेऊ नका. दोन्ही आवडत असेल, तर तुमच्या तालुक्यात या विषयाला जेवढं काम आहे तेवढं राज्यात थोड्याच ठिकाणी असेल.

प्रवेशाला अजून वेळ आहे तोवर एक काम करा. दोन मीटर लांबीचा पीव्हीसी पाईप घ्या, खालच्या निम्म्या भागाला बारीक छिद्रं पाडून त्यावर कापड गुंडाळा, आणि खारवट रानात ऑगरने, म्हणजे माती काढायच्या गिरमिटाने, भोक घेऊन उभा पुरा. वरचं तोंड झाकून ठेवा. तसाच दुसरा पाईप चांगल्या रानात. दर पंधरवड्याला टेप सोडून पाणी किती खोल आहे ते लिहायचं आणि त्या पाण्याची क्षारता मोजून घ्यायची. पाणी दिल्यावर पातळी किती चढते आणि किती दिवसांनी उतरते, तेही टिपून ठेवा. एका हंगामाच्या या नोंदी हातात असतील तर निचऱ्याच्या पाईपांवर खर्च करायचा की नाही हे वडिलांना आणि चुलत्यांना आकड्यांवर दाखवता येईल, आणि एमएस्सीच्या प्रबंधाचा विषयही मार्गदर्शकासमोर तयार ठेवता येईल.